वर्गणी काढून सिनेमा काढणारा जॉन अब्राहम. हिरो नव्हे, केरळचा दिग्दर्शक!

जॉन अब्राहम म्हणलं की आपल्या पोरांना मोटारसायकल पळवणारा हिरो आठवतो. हा तो नव्हे. हा केरळचा दिग्दर्शक. यानं गावोगाव ढोल वाजवून वर्गणी जमवली आणि त्यातून सिनेमा उभा केला.

जन्म १९३७ चा. एलआयसीतली पक्की नोकरी सोडून तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला शिकायला आला. तिथं बंगालचे ऋत्विक घटक त्याला गुरू म्हणून लाभले. आयुष्यात मोठे सिनेमे चारच केले. त्यातला १९७७ चा तमिळ सिनेमा चक्क गाढवावर आहे, ‘अग्रहारत्तिल कळुदै’, म्हणजे ब्राह्मण आळीतलं गाढव. एक प्राध्यापक आईविना राहिलेलं शिंगरू घरी आणतो. आळी आधी हसते, मग चिडते. काही वाईट झालं की बोट गाढवाकडं. शेवटी त्याला मारून टाकतात, आणि नंतर त्याचीच पूजा मांडतात! या सिनेमाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तरी पुढच्या सिनेमाच्या पैशाचा प्रश्न होताच. निर्मात्याच्या दारात जायचं नाही असं ठरवून १९८४ मध्ये जॉन आणि मित्रांनी ‘ओडेसा’ हा गट काढला. गावात जायचं, ढोल वाजवायचा, चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ फुकट दाखवायचा आणि लोकांपुढं झोळी धरायची. ज्याला जमेल तेवढं त्यानं टाकायचं. आपण यात्रेची पट्टी काढतो, तसंच हे. फक्त इथं घरटी रक्कम ठरलेली नव्हती. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून १९७६ चा ‘मंथन’ उभा केला, पण त्यांच्या मागं दूध संघ होता. इथं मागं कुणीच नव्हतं.

या पैशातून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ झाला. दिल्लीला निघालेल्या एका तरुणाला वाटेत ओळखीच्या पोराचं प्रेत दिसतं. तो प्रवास मोडतो. वायनाडहून कोचीला, त्या पोराच्या आईला सांगायला निघतो. वाटेत एकेक मित्र जोडला जातो, प्रत्येक जण आपल्या आईला सांगून घर सोडतो. एवढीच गोष्ट, पण डोक्यातून जात नाही.

दुसऱ्याच वर्षी, ३१ मे १९८७ ला, कोळिकोडमध्ये इमारतीच्या गच्चीवरून पडून जॉन गेला. वय ४९. त्याच्या मागं ओडेसाची माणसं तो सिनेमा गावोगाव दाखवत फिरत राहिली.