दहा दिवस मुकं राहायचं

डोकं दुखणं वेगळं आणि अर्धशिशी वेगळी, हे जिला असते तिलाच ठाऊक. माझी पंचविशीपासूनची. उजव्या कपाळात ठोके सुरू झाले की दार-खिडक्या लावून अंधारात पडायचं. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीही डोक्यात घुसायची. डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच. शिवाय आपण बायका करतो ते सगळं करून झालं. सुंठेचा लेप, नाकात तुपाचे दोन थेंब, जलनेती, पोटावर मातीची पट्टी, आठवड्यातून एक दिवस नुसतं ताक. सुंठेनं कपाळाची अशी आग व्हायची की मूळ दुखणं घटकाभर विसरायला होई, एवढाच काय तो फायदा!

मग विपश्यनेबद्दल वाचलं. ती भारतात पुन्हा आणणारे सत्यनारायण गोयंका मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. त्यांनाही भयंकर अर्धशिशी होती. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू जटाधारी बाबा नव्हते, सरकारचे महालेखापाल होते. नुसतं डोकं बरं करायला येत असाल तर येऊ नका, असंच त्यांनी आधी सांगितलं. हे वाचून मला गंमत वाटली, कारण मी तर डोक्यासाठीच निघाले होते. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र उभं राहिलं. २०१३ मध्ये ते गेले, पण शिबिरांत शिकवणं आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात चालतं.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "माय वं! दहा दिवस बिना बोल्याची? तू त झोपीतबी बोलतं!" यजमानांना काळजी स्वयंपाकाची. शेवटी नणंद आली आणि मी बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीत बसले.

पहाटे चारला घंटा. साडेचारपासून बैठक. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं फळ-मुरमुरे, साडेनऊला दिवे बंद. मोबाईल जमा. बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, लिहिणं-वाचणं नाही. आमचं तिवसा गुरुकुंज मोझरीच्या शेजारचं, तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक ध्यानाला लहानपणापासून बसलेली मी. डोळे मिटणं मला नवं नव्हतं. पण तिथं पंधरा-वीस मिनिटं, इथं दिवसाला दहा तास! पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा, नाकपुड्या आणि वरचा ओठ एवढ्याच जागेत. माझ्या मनात मात्र गॅस सिलिंडरचा नंबर लावला का, हेच.

चौथ्या दिवसापासून अंगभर लक्ष फिरवायचं आणि तासभर हलायचं नाही. सहाव्या संध्याकाळी गुडघ्यातली कळ असह्य झाली आणि पाहता पाहता फुटली. म्हणजे एक मोठी कळ राहिलीच नाही, बारीक बारीक ठोके झाले. मग हात कुठे संपतो आणि मांडी कुठे सुरू होते, तेच कळेना. प्रकाश नाही, देव नाही, काही नाही. आपण आहोत, पण आपली कड नाही. किती वेळ, सांगता येत नाही. रात्री मात्र भीती वाटली आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी आचार्यबाईंना विचारलं (तेवढं बोलायची परवानगी असते). त्या म्हणाल्या, "आलंय ते जाईल. पाहत राहा."

त्याच रात्री मला आत्या आठवली. कौंडण्यपूरकडची. नवरात्रात तिच्या अंगात यायचं. डफडं वाजायला लागलं की केस सुटायचे, ती घुमायला लागायची. एरवी जिला डोक्यावरचा पदर सावरत दाराआड उभं राहावं लागे, तिच्या पायावर सासरे डोकं ठेवायचे. देवी बोलायची, "या झाडाले आराम पायजे. आठ दिवस पाण्याले धाडू नोका." आणि धाडत नसत! लोक म्हणत ढोंग. मला तसं वाटत नाही. दिवसभराचा उपास, डफड्याचा एकच ठेका, जोरजोरात घेतलेला श्वास, यानं माणसाचं भान खरंच बदलतं. पण थकले, हे सांगायला तिला देवीचं तोंड लागलं. मला एक अर्ज भरून दहा दिवस मिळाले, आणि कुणी माझ्या पाया पडायचीही गरज नव्हती.

अर्धशिशी गेली का, हे सगळ्या विचारतात. नाही गेली. येते. पण ठोके सुरू होताच 'आता दोन दिवस गेले' म्हणून जो जीव घाबरा व्हायचा, तो फारसा होत नाही. गोळ्या सुरू आहेत, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. अर्जात आजार आणि औषधं विचारतात, खरं लिहा. फिट येत असतील, नैराश्याचे उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टर. ध्यान प्रत्येकीला मानवतंच असं नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती वाटणं, झोप उडणं असे अनुभवही नोंदले आहेत.

फी नसते, शेवटी ऐपतीप्रमाणे दान द्यायचं. बायकांची राहायची सोय वेगळी. इगतपुरी लांब वाटली तर नागपूरजवळ माहूरझरीलाही केंद्र आहे. सैल कपडे आणि एक शाल न्या, पहाटे हॉलमध्ये गारवा असतो.

मी आता घरी पाच वाजता बसते. दूधवाला हाक मारतो तेव्हा सासूबाईच बाहेर जातात. "हळू बोल बाबू," म्हणतात, "सून मुकी हाये अर्धा तास."