लहान गावातील निर्वाह खर्च : नातेपुतेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

शहरापेक्षा लहान गावात राहणे स्वस्त असते, हा समज इतका रूढ आहे की वेतनविषयक नियमांनीही तो गृहीत धरला आहे. नातेपुते हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील, पुणे–पंढरपूर मार्गावरील बाजारपेठेचे गाव होय. संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामामुळे ते महाराष्ट्रभर परिचित आहे. आता तेथे नगरपंचायत आहे. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते नागरी क्षेत्र ठरते. व्यवहारात मात्र ते भोवतालच्या शेतकरी खेड्यांची पेठच आहे. अशा ठिकाणी निर्वाह खर्च खरोखर किती कमी असतो आणि तो मोजण्याची प्रचलित साधने नेमके काय मोजतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्देशांक काय मोजतो?

महागाई भत्ता ज्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारलेला असतो, त्याच्या २०१६ पायावरील मालिकेत देशातील ८८ केंद्रांतून किमती गोळा केल्या जातात. गिरण्यांची परंपरा असलेले सोलापूर हे त्यांपैकी एक केंद्र आहे. नातेपुते अर्थातच नाही. परंतु येथे एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. हा निर्देशांक एकाच ठिकाणच्या किमतींत काळानुसार झालेला बदल दाखवितो. दोन ठिकाणांमधील फरक दाखवीत नाही. सोलापूरचा अंक मुंबईच्या अंकापेक्षा अधिक आला, तर सोलापूर मुंबईहून महाग आहे असे सिद्ध होत नाही. पायाभूत वर्षापासून सोलापुरात किमती अधिक वेगाने वाढल्या, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय भत्त्यासाठी अखिल भारतीय अंक वापरला जात असल्याने मुंबई आणि नातेपुते येथील कर्मचाऱ्यांना महागाई भत्ता एकाच दराने मिळतो.

स्थानभेदाची दखल घेतली जाते ती घरभाडे भत्त्यात. ५० लाख व त्याहून अधिक लोकसंख्येची शहरे ‘एक्स’, ५ ते ५० लाखांची ‘वाय’ आणि उर्वरित सर्व ठिकाणे ‘झेड’ असे वर्गीकरण आहे. पुणे पहिल्या, सोलापूर दुसऱ्या, तर नातेपुते तिसऱ्या वर्गात मोडते. सातव्या वेतन आयोगानंतर या वर्गांसाठी मूळ वेतनाच्या अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के, आणि महागाई भत्त्याने ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडल्यावर ३०, २० व १० टक्के असे दर केंद्राने ठरविले. ५७,७०० रुपये मूळ वेतन असलेल्या सहायक प्राध्यापकाला या दुसऱ्या दराने पुण्यात १७,३१० रुपये, तर नातेपुते येथे ५,७७० रुपये मिळतील. ११,५४० रुपयांचा हा फरक केवळ घरभाड्याचा म्हणून समर्थनीय ठरू शकतो. तथापि, तो संपूर्ण निर्वाह खर्चाचा फरक मानणे चुकीचे ठरेल.

कमी खर्च आणि स्वस्ताई

ग्रामीण कुटुंबाचा खर्च कमी असतो, हे स्वस्ताईचे प्रमाण म्हणून अनेकदा पुढे केले जाते. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दरडोई मासिक उपभोग खर्च ग्रामीण भागात १,४३० रुपये, तर शहरी भागात २,६३० रुपये होता; म्हणजे शहरी खर्च सुमारे ८४ टक्क्यांनी अधिक. त्याच वर्षासाठी तेंडुलकर पद्धतीने काढलेली अखिल भारतीय दारिद्र्यरेषा मात्र ग्रामीण ८१६ व शहरी १,००० रुपये, म्हणजे केवळ सुमारे २३ टक्क्यांनी भिन्न होती. महाराष्ट्रात ही रेषा अनुक्रमे ९६७ व १,१२६ रुपये होती. येथे अंतर आणखी कमी, सुमारे १६ टक्के. दोन्ही मोजमापांचे हेतू भिन्न असले, तरी त्यांच्या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. शहरी व ग्रामीण खर्चातील तफावतीचा मोठा भाग किमतींचा नसून उपभोगाचा आहे. गावात कमी खर्च होतो, याचे कारण बहुतांशी गावात कमी घेतले जाते, हे होय.

अंतराचे मूल्य

नातेपुतेसारख्या ठिकाणी घरभाडे, भाजीपाला, दूध आणि स्थानिक मजुरी यांत बचत संभवते. उलट साबण, औषधे, वह्या, भ्रमणध्वनी यांसारख्या बांधीव मालावर छापलेली कमाल किंमत सर्वत्र सारखीच असते. आणि मोठ्या दुकानांच्या स्पर्धेमुळे शहरी ग्राहकाला मिळणारी सवलत लहान पेठेत मिळेलच असे नाही.

यापलीकडे अंतराचा प्रश्न आहे. गावाला रेल्वे नाही. जिल्ह्याचे मुख्यालय आणि विद्यापीठ असलेले सोलापूर शंभर किलोमीटरहून दूर आहे. तज्ज्ञ वैद्यकीय उपचार किंवा व्यावसायिक शिक्षण यांसाठी अकलूज, फलटण, बारामती वा पुणे गाठावे लागते. प्रवासभाडे, बुडालेली मजुरी, सोबत जाणाऱ्याचा खर्च आणि शहरात शिकणाऱ्या मुलाची खोली व खानावळ हे सर्व गावातील कुटुंबाच्याच खर्चात मोडते. म्हणजे घरभाड्यात वाचलेली रक्कम पुष्कळदा शहरातीलच घरभाड्यापोटी जाते.

कामगार निर्देशांकाचे भारही या संदर्भात बोलके आहेत. २००१ पायावरील मालिकेत अन्नाचा भार ४६.२० टक्के होता. २०१६ च्या मालिकेत तो ३९.१७ टक्क्यांवर आला. आरोग्य, शिक्षण व वाहतूक यांचा समावेश असलेल्या संकीर्ण गटाचा भार याच काळात २३.२६ वरून ३०.३१ टक्क्यांवर गेला. ज्या गोष्टी गावात स्वस्त, त्यांचा खर्चातील वाटा घटत आहे. ज्यांसाठी गावाबाहेर जावे लागते, त्यांचा वाढत आहे.

अमेरिकेतील लहान गावांचा अनुभव याच्याशी जुळणारा आहे. तेथील आर्थिक विश्लेषण विभाग प्रदेशनिहाय किंमतपातळीची तुलना नियमितपणे प्रसिद्ध करतो. त्या तुलनेत घरभाड्याचा फरक ठळक असतो, वस्तूंच्या किमतींचा मर्यादित. घर स्वस्त असलेल्या गावात सार्वजनिक वाहतुकीअभावी मोटार मात्र अटळ ठरते.

समारोप

लहान गाव स्वस्त आहे काय, या प्रश्नाला एकच उत्तर संभवत नाही. स्वतःचे घर, थोडी शेती आणि निरोगी प्रकृती असलेल्या कुटुंबास ते स्वस्त आहे. मुले शिकत असलेल्या किंवा घरात दीर्घ आजार असलेल्या कुटुंबास तितके नाही. नियमित वेतनधारकास निदान महागाई भत्त्याचे संरक्षण लाभते. त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्यास महागाई भत्ताही नाही आणि घरभाडे भत्ताही नाही. ‘गावात खर्च तो किती’ या समजाचा भार सर्वाधिक त्याच्यावरच पडतो. म्हणून निर्वाह खर्चाचा विचार करताना घरभाड्याबरोबरच आवश्यक सेवांपर्यंतचे अंतरही हिशेबात धरले जाणे अगत्याचे आहे. नातेपुतेसारख्या गावातील कुटुंबांच्या जमाखर्चाचा पद्धतशीर अभ्यास स्थानिक महाविद्यालयांना सहज हाती घेता येण्याजोगा आहे.