नगरच्या बातमीची शाळा

नगर जिल्ह्यातलं कला-विज्ञानाचं पहिलं महाविद्यालय निघालं १९४७ साली. तोवर नगर शहरातून पहिलं मराठी नियतकालिक निघाल्याला १०५ वर्षं उलटून गेली होती. मधल्या शतकभरात या कोरडवाहू, दुष्काळी मुलखात मोठ्या माणसांना जगाची ओळख कुणी करून दिली, याचं उत्तर मला कुठल्याही शाळेच्या इतिहासापेक्षा जिल्ह्याच्या वृत्तपत्रांत जास्त सापडतं.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले. जून १८४२ मध्ये त्यांनी इथून ‘ज्ञानोदय’ सुरू केला. संपादक होते हेन्री बॅलंटाइन. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. ‘ज्ञानोदय’चा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो कुणी लपवला नाही. पण त्याच पानांतून भूगोल, खगोल, यंत्रं यांची माहिती येई, चित्रं छापली जात. दोन-तीन वर्षांतच पत्राचं बिऱ्हाड मुंबईला हललं.

त्याच मिशनच्या सिंथिया फरार १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीराव फुल्यांनी त्यांतली शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये दोन भागांत छापला ‘ज्ञानोदय’नेच. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने त्यात मांडले आहेत. शाळकरी मुलीच्या वहीतला मजकूर वृत्तपत्राने बातमीइतकाच महत्त्वाचा मानला, ही घटना मला मराठी पत्रकारितेतल्या कुठल्याही गाजलेल्या अग्रलेखाहून मोठी वाटते.

म्हणजे नगरहून एक धागा पुण्याला गेला. तो पुन्हा नगर जिल्ह्यात आला, पण शहरात नाही. नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यात.

फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या आरंभी पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. भालेकरांचा मुलगा मुकुंद दत्तक गेला आणि मुकुंदराव पाटील झाला. १९१० मध्ये भालेकर वारले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंचविशीतल्या मुकुंदरावांनी ‘दीनमित्र’ सुरू केला. आधी सोमठाण्यातून, पुढे तरवडीहून. कागद, शाई, खिळे शहरातून आणायचे, अंक खेड्यात जुळवायचा आणि टपालाने गावोगाव पाठवायचा. वर्गणीदार शेतकरी, त्याच्या हातात पैसा येणार सुगीनंतर, तोही पाऊस झाला तर. शहरातल्या संपादकाला न पडणाऱ्या या चिंता पोटात घेऊन त्यांनी हे पत्र १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सत्तावन्न वर्षं चालवलं.

त्यांचे विषयही तिथल्याच मातीतले होते. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यातून १८७९ चा कायदा आला, तरी कर्ज काही सुटलं नाही. शिवाय गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या ताब्यात. त्यात काय लिहिलंय हे ज्याची जमीन त्यालाच वाचता येत नसे. मुकुंदरावांनी यावर ‘कुलकर्णीलीलामृत’ रचलं, तेही ओवीत, आणि सावकारीवर ‘शेटजीप्रताप’. ही निवड फार जाणती होती. निरक्षर माणसाला पोथी ऐकायची सवय असते. चावडीवर, देवळात एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं ही रीत गावात मुरलेली होती. तिच्यातच त्यांनी नवा मजकूर भरला. त्यामुळे अक्षरओळख नसलेला माणूसही ‘दीनमित्र’चा वाचक होऊ शकला. शहरी साहित्येतिहासात त्यांना मिळालेली जागा या कामाच्या मानाने अगदी तोकडी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज सुरू केलं, तेव्हा ‘दीनमित्र’ सदतिसाव्या वर्षात होता. खेड्यातली मुलं आता नगरला येऊन पदवी घेऊ लागली. १९७० मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचं न्यू आर्ट्स कॉलेज निघालं. पुढे तिथल्या संज्ञापन अभ्यास विभागात शिकायला सोलापूर जिल्ह्यातून एक तरुण आला, नागराज मंजुळे. विद्यार्थिदशेत त्याने केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ असूनही शाळेबाहेरच राहिलेल्या मुलाची ती गोष्ट. मुक्ता साळवेच्या निबंधानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी पुन्हा एका विद्यार्थ्याने, त्याच्या अभ्यासाचा भाग म्हणून, तोच प्रश्न सगळ्यांसमोर ठेवला होता.

हे सगळं आठवतं ते जुन्या अंकांच्या काळजीने. मुकुंदरावांचे अग्रलेख प्रा. गो. आ. उगले यांनी संपादित केले, म्हणून ते आज पुस्तकरूपात वाचता येतात. पण जिल्ह्याच्या पत्रांत अग्रलेखाखेरीज कितीतरी असतं: बाजारभाव, यात्रा, साथीचे रोग, विहिरीवरची भांडणं, मोडलेली लग्नं, वसतिगृहात जागा मिळाल्याची चार ओळींची बातमी. एकोणिसाव्या शतकात नगरहून ‘न्यायसिंधु’ आणि ‘जगदादर्श’ ही साप्ताहिकं निघत. गावातल्या साध्या माणसाचं नाव छापील कागदावर येण्याची जागा बहुधा अशा पत्रांतच होती. हा मजकूर कुणी निवडून छापत नाही. कागद पिवळा पडतो, घड्यांवर फाटतो, वारसांना अडगळ वाटते, आणि रद्दीवाला वजनाने घेऊन जातो.

जिल्ह्याचा विस्तार १७,०४८ चौरस किलोमीटर, महाराष्ट्रात सर्वांत मोठा, तालुके १४. आता महाविद्यालयांचीही वानवा नाही. प्रत्येकाने आपापल्या तालुक्यातल्या एकेका बंद पडलेल्या पत्राचं पालकत्व घ्यावं. मराठीच्या आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन अंक शोधावेत, पानन्‌पान स्कॅन करावं, गावांची आणि माणसांची सूची करावी. विद्यापीठाने त्या कामाला प्रकल्पाचे गुण द्यावेत. पदव्युत्तर वर्गात दरवर्षी त्याच त्या कादंबऱ्यांवर प्रबंधिका लिहून घेण्यापेक्षा हे काम अवघड आहे आणि उपयोगाचंही. नेवासे तालुक्यातल्या महाविद्यालयांनी ‘दीनमित्र’पासून आरंभ करावा, तरवडी त्यांच्याच तालुक्यात आहे.