मोहफुले आणि वणवा

चैत्राचे ऊन तापू लागले की पूर्व विदर्भातील वने वरून शांत दिसतात. परंतु ती शांतता फसवी असते. सागाने आपली रुंद पाने केव्हाच टाकलेली असतात, गवत वाळून गेलेले असते आणि ओढे आटलेले असतात. चंद्रपूर-गडचिरोलीपासून छत्तीसगडमधील बस्तरपर्यंत पसरलेल्या ह्या पानगळीच्या वनांत जमिनीवर जणू सरपणच अंथरलेले असते. अशा वेळी एक ठिणगीही पुरेशी होते.

ही ठिणगी येते कोठून? बांबूवर बांबू घासून वणवा पेटतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वस्तुस्थिती निराळी आहे. आपल्या देशातील बहुतेक वणवे मनुष्याच्याच हातून लागतात. कधी न विझवता फेकलेल्या विडीने, कधी शेताच्या बांधावर पेटवलेल्या पालापाचोळ्याने, तर कधी मोहाच्या झाडाखाली ओढलेल्या काडीने.

ह्या शेवटच्या कारणासाठी कोणास दोष देण्यापूर्वी, वाचकहो, त्यामागची अडचण समजून घेतली पाहिजे. मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती वेचण्यास घरातील लहानथोर टोपल्या घेऊन निघतात. वाळवलेली फुले म्हणजे त्या कुटुंबाचे अडीअडचणीचे अन्न आणि हाती येणारा रोख पैसा. पाचोळ्यात पडलेले फूल मात्र सहजी दिसत नाही. म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून जागा मोकळी करण्याची रीत पडली. जाळणारा घरी परततो. आग मात्र परततेच असे नाही. दुपारचा वारा सुटला की ती पाचोळ्यातून सरकत वनात शिरते.

अशा आगीत मोठी झाडे बहुधा तगून राहतात, त्यामुळे हानी झाली नाही असे वाटते. परंतु उद्याचे वन ज्या रोपांतून उभे राहायचे, ती रोपे जळतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी नष्ट होतात. पाचोळ्याचे आच्छादन गेल्यामुळे पहिल्याच पावसात माती वाहून जाते. मोहाचे रोपही त्यातच जळते. म्हणजे आजच्या टोपलीसाठी नातवंडांची टोपली रिकामी होते.

उपाय साधे आहेत. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूस करावा, किंवा झाडाखाली जाळी अंथरावी. फुले आपोआप तीत जमतात व स्वच्छही राहतात. घराभोवतीचे वाळलेले गवत काढावे, कौलांवरचा पाचोळा उतरवावा आणि तणसाचे ढीग घरापासून व गोठ्यापासून दूर रचावेत. आग जवळ आल्यास गुरांची दावी प्रथम सोडावीत. वनात आगीने गाठलेच, तर चढावर धावू नये, कारण आग चढावर अधिक वेगाने जाते. नांगरलेले शेत, नदीचे पात्र किंवा पूर्वीच जळून थंड झालेली जागा गाठावी.

वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते, म्हणजे आग अडावी म्हणून गवत-पाचोळा नसलेले पट्टे तयार करते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगीची सूचना राज्यांना पाठवते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे राखीव वनात आग लावणे हा गुन्हाही आहे. परंतु उपग्रहाला आग लागल्यावरच दिसते. काडी ओढणारा हात दिसतो तो शेजाऱ्याला.

म्हणूनच गावाचा निर्णय मोलाचा ठरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपले सामूहिक वन राखण्याचा अधिकार ग्रामसभांना दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ साली असा हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपाने तोडणेच थांबवले. आग लावल्यावर तेंदूला कोवळी पालवी फुटते, म्हणून पानांच्या हंगामापूर्वी वने पेटवली जातात, हे गावकरी जाणून होते. हाती येणारा पैसा सोडणे सोपे नव्हे. तरीही त्यांनी तो सोडला.

आपण वनाजवळ राहत असा वा केवळ प्रवासाच्या निमित्ताने तेथून जात असा, ह्या उन्हाळ्यात एवढे अवश्य करावे: पेटवलेले विझल्याची खात्री हाताने राख चाचपून करावी, आणि मगच तेथून पाऊल उचलावे.