देवाला शत्रू शोधताना

आजचा भाग दिल्लीच्या रिजवरून. माझ्या मागे जी इमारत दिसते आहे ते हिंदूराव रुग्णालय. पुस्तकात वाचणाऱ्यांना ती दिसणार नाही, म्हणून सांगितलं. हे नाव आपल्याकडचं आहे, हे इथे फार थोड्यांना ठाऊक असतं. हिंदूराव घाटगे हे कागलच्या घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. या टेकडीवर त्यांचा बंगला होता. १८५५ मध्ये ते वारले, आणि दोनच वर्षांनी १८५७ च्या उन्हाळ्यात इंग्रजांच्या बाजूची गुरखा पलटण त्या बंगल्यात मोर्चा लावून बसली. खाली शहरात बंड केलेले शिपाई. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे रोज माणसं मरत होती.

विषय मात्र १८५७ नाही. विषय आहे माझ्या नातवाची वही.

नातू चौदा वर्षांचा आहे, नोएडात राहतो. त्याने स्वतःचं एक विश्व रचलंय. नकाशा काढला, नद्यांना नावं दिली, राजघराण्यांच्या वंशावळी लिहिल्या. त्याला दोन देव आहेत: एक प्रकाशाचा, एक अंधाराचा. चाळीस पानं झाल्यावर कथा अडली. मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही लढाया केल्यात. या दोघांची लढाई पुढे का सरकत नाही, सांगा." मी वही वाचली. अंधाराच्या देवाला काय हवंय, हे चाळीस पानांत एकदाही आलं नव्हतं. तो वाईट होता, एवढंच. ज्याला काही नकोय तो चाल कुठे करणार?

अशा अडलेल्या वह्या खूप असतात. या मालिकेतही तरुण मंडळी विचारतात की काल्पनिक विश्वात परस्परविरोधी देवांची जोडी कशी लावावी. बहुतेक जण शब्दकोश उघडल्यासारखं करतात: उजेड–अंधार, जीवन–मृत्यू, आग–पाणी. हे विरुद्धार्थी शब्द झाले, शत्रू नव्हेत. आग आणि पाणी एकमेकांच्या वाटेला न जाता सुखाने राहू शकतात. शत्रुत्व होतं ते दोघांना एकच गोष्ट हवी असते तेव्हा. फौजेत आम्हाला नकाशा वाचायला शिकवतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, कोणती जमीन महत्त्वाची? म्हणजे जी दोघांनाही हवी ती.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. 'तुंबाड' सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. राही अनिल बर्वे यांचा, ऑक्टोबर २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. त्यामागे प्रेरणा होती नारायण धारपांच्या भयकथांची. नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. गोष्ट कोकणातली, पावसातली. पण त्यातला हस्तर हा देव कुठल्याही पुराणात नाही. तो रचलेला आहे, आणि रचणाऱ्याने काम चोख केलंय. समृद्धीची देवी, तिच्या पोटी कोट्यवधी देव, हस्तर त्यांतला थोरला आणि लाडका. आईकडे सोनं आहे आणि धान्य आहे. त्याला दोन्ही हवं. सोनं त्याने घेतलं. धान्याकडे हात नेला तेव्हा बाकीचे देव तुटून पडले. आईने त्याला वाचवलं, आपल्या गर्भात ठेवलं, पण एका अटीवर: त्याची पूजा कधीही होणार नाही.

आता यात किती गोष्टी आहेत बघा. देवीला मूल प्रिय आहे आणि तिनेच त्याला कोंडलंय. त्याच्याकडे सोन्याला तोटा नाही, पण तो उपाशी आहे. म्हणून माणूस कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो आणि सोन्याची नाणी काढून आणतो. त्याला धान्याचा शाप आहे, म्हणून पिठाचं रिंगण हेच संरक्षण. सगळे नियम त्या एका भांडणातून निघालेत, वरून चिकटवलेला एकही नाही. लेखकाला फक्त एवढंच ठरवावं लागलं की सोनं आणि धान्य या दोन गोष्टी एका हातात जाऊ द्यायच्या नाहीत.

आपल्या परंपरेतल्या जोड्या अशाच, बहुधा घरातल्याच असतात. देव आणि दैत्य एकाच कश्यपाची मुलं, आया वेगळ्या: अदिती आणि दिती. समुद्र घुसळायला दोन्ही बाजूंनी ओढणारे लागतात. एकट्याने वासुकी ओढून मंथन होत नाही. पद्मपुराणात लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण ज्येष्ठा, म्हणजे अलक्ष्मी, त्याच समुद्रातून वर येते. एकीला पाट मांडायचा आणि दुसरीला झाडून बाहेर काढायचं, पण बहिणी त्या बहिणीच.

मला स्वतःला यांत सगळ्यात आवडतो तो खंडोबा. मल्हारी माहात्म्यात मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ आहेत. हरल्यावर मणी शरण येतो, आपला घोडा देवाला देतो आणि देवाजवळ जागा मागतो. ती त्याला मिळते. आजही खंडोबाला शाकाहारी नैवेद्य आणि मांसाचा मान मणीला, ही रीत आहे. मल्लाचं तर नावच देवाला चिकटलं: मल्हारी म्हणजे मल्लाचा अरी. शत्रू वजा केला तर देवाचं नाव उच्चारता येणार नाही. तुमच्या विश्वात एखादा देव हरला तर तो कुठे जातो, याचा विचार करा. आपल्याकडे तो देवळातच राहतो, त्याचा नैवेद्यही ठरतो.

परदेशी लेखकांतही ज्यांना हे कळलं त्यांचीच विश्वं टिकली. टोल्किनचं 'सिल्मरिलियन' त्याच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये छापलं गेलं. त्यात मानवे आणि मेल्कोर हे मोठे विरोधक, आणि निर्मात्याच्या विचारात ते भाऊ आहेत. पण मला त्याहून सरस वाटते ती औले आणि यावान्ना यांची जोडी. तो धातू आणि दगडाचा कारागीर, ती झाडांची आणि पिकांची देवी, आणि दोघं नवराबायको. त्याने खुजे लोक घडवले. त्यांना भट्टीसाठी लाकूड लागणार. तिच्या झाडांना पळता येत नाही. म्हणून ती झाडांसाठी राखणदार मागून घेते. इथे कोणीही वाईट नाही, आणि तरी भांडण मिटणारं नाही. मूरकॉकच्या कथांत व्यवस्था आणि गोंधळ अशा दोन शक्ती आहेत, आणि दोघींपैकी कोणतीही पूर्ण जिंकली तरी जग संपतं. ही युक्ती चांगली आहे, पण मला जरा हिशेबी वाटते.

अजून एक गोष्ट, जी नवे लेखक सहसा विसरतात. जोडीची नावं कोण ठेवतो? आपल्याकडे देव चांगले आणि असुर वाईट. शेजारच्या इराणात अवेस्तामध्ये अहुर हा परमेश्वर आणि दएव हे दुष्ट. शब्द तेच, फक्त बाजू बदलली. ऋग्वेदात तर वरुणाला आणि इंद्रालाही असुर म्हटलंय, आणि तेही आदराने. तेव्हा तुमच्या विश्वात नदीच्या दोन्ही काठांवर दोन देवळं बांधा आणि समोरच्या काठावर तुमच्या देवाला काय म्हणतात, ते एका पानावर लिहून काढा.

हे नातवाला सांगायला मी त्याला इथे घेऊन आलो होतो. हिंदूरावापासून रिजच्या रस्त्याने दक्षिणेकडे गेलं की लाल दगडाचा मनोरा लागतो. १८५७ मध्ये आपल्या बाजूने पडलेल्यांसाठी इंग्रजांनी तो १८६३ मध्ये उभा केला. जुन्या पाट्यांवर समोरच्यांचा उल्लेख 'शत्रू' असा आहे. १९७२ मध्ये मनोऱ्याचं नाव अजितगड झालं आणि नवी पाटी लागली: इथे ज्यांना शत्रू म्हटलंय ते परकीय राजवटीविरुद्ध लढलेले हुतात्मे होते. जुन्या पाट्या काढलेल्या नाहीत. दोन्ही एकाच मनोऱ्यावर आहेत.

पोराने दोन्ही वाचल्या आणि मला विचारलं, "आजोबा, तुमचा शत्रू वाईट होता का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. तीस वर्षांहून जास्त नोकरी झाली, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मग त्याला एका चौकीची गोष्ट सांगितली. हिवाळा होता. आमच्या आणि समोरच्या चौकीमध्ये एक नाला होता, आणि पाणी दोघांनाही तिथूनच लागायचं. दुर्बिणीतून मला समोरचा एक जवान रोज दिसायचा. कॅन भरायचा, बर्फावर घसरायचा, उठायचा. आमचा पोरगाही तसाच घसरायचा. पाण्याच्या वेळेला कोणी गोळी चालवत नसे. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कोणी ठरवलंही नव्हतं. पुढे एका सकाळी ती रीत मोडली. कोणी मोडली यावर दोन्ही बाजूंची नोंद वेगळी असणार. आमची मी लिहिली होती. त्यात 'शत्रू' हाच शब्द आहे, आणि तो चुकीचा नव्हता. आमचा एक जण त्या दिवशी गेला.

नातू परतीच्या मेट्रोत गप्प होता.

गेल्या आठवड्यात त्याने नवी वही आणली. प्रकाश आणि अंधार गेले. आता दोघी बहिणी आहेत. एक वाहत्या नदीची, दुसरी बांधाची. पहिलीला पाणी पुढच्या गावांना न्यायचंय, दुसरीला ते पेरणीपर्यंत धरून ठेवायचंय. दोघींमध्ये करार आहे: वर्षातले चार महिने एकीचे, आठ दुसरीचे. मी विचारलं, चार महिने कोणाचे? तो म्हणाला, "तेच तर. दोन्ही देवळांत वेगवेगळं लिहिलंय."

साठ पानं झाली आहेत आणि अजून पहिला पाऊसही पडलेला नाही. करार आधी कोण मोडणार, हे त्याला ठरवता येत नाहीये. मी सांगायला गेलो तर म्हणाला, "थांबा आजोबा, मला दोघींकडून एकेकदा लिहून बघू दे."