कुलूप, किल्ली आणि ज्ञानाची मक्तेदारी

वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, बँकेचे व्यवहार ज्या कूटलेखनाने झाकतात त्याची सगळी रीत पुस्तकात छापलेली आहे. ती चोरानेही वाचलीच असेल. मग सुरक्षित काय राहिले?’ प्रश्न रास्त होता. ज्ञान दडवले की ते सुरक्षित राहते, ही समजूत आपल्या समाजात शतकानुशतके मुरलेली आहे. संगणकाच्या सुरक्षिततेचे शास्त्र नेमक्या उलट पायावर उभे आहे. तो पाया चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावयास हवा.

ऑग्युस्त केरखोफ्स या डच भाषापंडिताने १८८३ साली लष्करी कूटलेखनावर एक लेख पॅरिसच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातील एक तत्त्व आजही प्रमाण मानले जाते. कूटलेखनाची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावयाची ती फक्त किल्ली. कारण साधे आहे. रीत अनेकांना ठाऊक असते, ती कधी ना कधी फुटतेच, आणि फुटली की सारी व्यवस्था मोडीत काढावी लागते. किल्ली मात्र चटकन बदलता येते.

त्याच १८८३ साली महात्मा फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण करीत होते. निरक्षर शेतकऱ्याला कागदपत्रांच्या जोरावर भटकामगार कसे नागवतात, हे त्यांनी त्यात उघड केले. ज्याला अक्षर येत नाही त्याच्या दृष्टीने दप्तरातील प्रत्येक ओळ कूटलेखनच. आणि किल्ली कुलकर्ण्याकडे. तेव्हा गुप्तता दोन प्रकारची असते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. माणसाने आपले खाजगी बोलणे झाकणे ही एक. ज्ञान झाकून दुसऱ्याला आंधळे ठेवणे ही दुसरी. पहिली दुबळ्याची ढाल आहे, दुसरी सत्तेचे हत्यार.

जुन्या कूटलेखनात एक अडचण होती. दोघांना गुप्तपणे बोलावयाचे तर दोघांकडे एकच किल्ली हवी. ती पोचवावयाची कशी? १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यावर वाट दाखविली. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ‘आरएसए’ ही प्रत्यक्ष पद्धत तयार केली. कल्पना अशी : मी माझी उघडी कुलपे गावभर वाटून टाकतो. कोणीही पेटीत पत्र घालावे, माझे कुलूप दाबून बंद करावे आणि पेटी पाठवावी. उघडणारी किल्ली माझ्याजवळच राहते. ती कोठेच पाठवावी लागत नाही. यामागचे मूळ गणित शाळकरी मुलालाही कळेल. ५३ गुणिले ६१ म्हणजे ३२३३, हे कागदावर मिनिटात होते. पण नुसता ३२३३ हा आकडा देऊन त्याचे अवयव शोधा म्हटले तर घाम फुटतो. संख्या सहाशे आकडी असेल तर आजच्या संगणकांनाही ते आवाक्याबाहेरचे आहे.

हीच युक्ती क्लिफर्ड कॉक्स या इंग्रज गणितज्ञाला १९७३ सालीच सापडली होती. पण तो ब्रिटिश सरकारच्या गुप्तवार्ता संस्थेत नोकरीला होता. त्याचे काम १९९७ पर्यंत बंद दप्तरात राहिले. जगाच्या उपयोगी पडले ते छापलेले ज्ञान.

पुढे अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ साली नव्या कूटलेखनासाठी जाहीर स्पर्धा ठेवली. १५ रचना स्वीकारल्या गेल्या आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्या फोडण्याचा प्रयत्न केला. २००० साली दोघा बेल्जियन संशोधकांची रचना निवडली गेली. तीच आज ‘एईएस’ या नावाने सर्वत्र वापरात आहे. तिच्यावरील विश्वास कोणाच्या अधिकारावर उभा नाही. ती परीक्षेत टिकली, म्हणून आहे.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ याच विचाराच्या जवळची. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली वापरण्याचे, वाचण्याचे, बदलण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, ही त्यांची मागणी.

पण येथे भाबडेपणा नको. संकेतस्थळाशी होणारी देवघेव झाकणारे ‘ओपन-एसएसएल’ हे असेच उघडे सॉफ्टवेअर. २०१२ साली प्रसृत झालेल्या आवृत्तीत एक चूक होती. समोरचा किती अक्षरे परत मागतो आणि त्याने मुळात किती पाठविली, याचा ताळा घ्यावयाचे राहून गेले होते. त्यामुळे कोणीही दूरवरून एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर उपसू शकत होता. त्यात पासवर्ड असत, प्रसंगी गुप्त किल्लीसुद्धा. ‘हार्टब्लीड’ नावाची ही चूक एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाली. दोन वर्षे ती सर्वांसमोर उघडी होती. नीट वाचली कोणी? त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या २,००० डॉलरच्या आसपास होत्या.

आपल्याला हे नवे नाही. बोले ठरावाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे कागदावर खुले केले. पण ते पाणी ओठाला लागण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना अनुयायांसह तळ्यावर जावे लागले, आणि त्यानंतर मारही खावा लागला. खुलेपण कागदावर असून भागत नाही. ते वापरणारे लोक लागतात. २०२४ साली ‘एक्सझेड’ या उघड्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसविला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने काढला, म्हणून तो सापडला.

कार्यकर्त्यांसाठी आणखी एक गोष्ट. कूटलेखन वाटेवरचे पत्र झाकते, घर राखत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणातील एका आरोपीच्या संगणकात घुसखोर सॉफ्टवेअर सुमारे २२ महिने होते व त्याद्वारे पत्रे आणून ठेवली गेली, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ साली काढला. एनआयएने त्या अहवालावर न्यायालयात आक्षेप घेतला. निवाडा हे न्यायालयाचे काम; आपल्यापुरता धडा स्पष्ट आहे. अनोळखी जोडपत्र उघडू नये. संगणक जप्त होत असेल तर त्यातील मजकुराचे ‘हॅश’ मूल्य जागीच नोंदवून मागावे. हॅश म्हणजे मजकुराच्या अंगठ्याचा ठसा. एक काना बदलला तरी ठसा बदलतो.

लिनक्ससारखी प्रणाली विनामूल्य मिळते; शिष्यवृत्ती अडली तरी ती अडत नाही. अडते ते आपण ती उघडून वाचत नाही म्हणून. त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले : रीत चोरानेही वाचली आहे, हे खरे. म्हणूनच ती आपणही वाचली पाहिजे.