दमट हवेतील गुलाब : रोग, कीड आणि उपाय
ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि खाडीच्या सान्निध्यामुळे हवा एरवीही दमट राहते. त्यामुळे नाशिक-पुण्याच्या तुलनेने कोरड्या हवेत सहज फुलणारा गुलाब येथे अधिक निगा मागतो. डोंबिवलीच्या बालभवनात गुलाबांची प्रदर्शने भरावीत इतका हा छंद या भागात रुजला असला, तरी झाडाला नेमके काय झाले आहे हे न ओळखताच फवारणी करण्याची सवय अनेक घरी दिसते. वस्तुतः गुलाबाचा कोणता रोग केव्हा बळावेल, हे बरेचसे पानावरील ओलाव्यावर ठरते.

पावसाळ्यातील मुख्य रोग म्हणजे काळे ठिपके. हा रोग घडवणाऱ्या बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिच्या प्रसाराचे सूक्ष्म कण, पान सुमारे ७ तास सलग ओले राहिले की रुजतात. मग झालरदार कडांचे काळे डाग पडून पान पिवळे होते आणि गळते. म्हणून पाणी सकाळी मुळाशीच द्यावे, ग्रिलमधील कुंड्यांत अंतर ठेवावे आणि गळलेली पाने कंपोस्टमध्ये न टाकता नष्ट करावीत.

पावसानंतर, ऑक्टोबरमध्ये केलेल्या छाटणीच्या जखमेतून बुरशी शिरली, तर फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत जाते. ही फांदीमर टाळण्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चुना प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे कालवून एकत्र केलेली बोर्डो पेस्ट कापलेल्या टोकाला लावतात. हिवाळ्यात कोवळ्या पानांवर पांढरी भुरी येते. तिला पानावर पाण्याचा थर लागत नाही, दमट रात्री पुरतात. तिच्यावर लिटरमागे २ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक फवारतात, मात्र कडक उन्हात किंवा निंबतेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत ते वापरू नये, कारण पाने भाजतात.

उन्हाळ्यात फुलकिडे कळीत शिरून पाकळ्यांच्या कडा करपवतात, तर लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतो. कोळी आठ पायांचा असून कीटक नव्हे. त्यामुळे नेहमीची अनेक कीटकनाशके त्याला मारत नाहीत, उलट त्याचे भक्षक मारून त्याला मोकळे रान देतात. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा त्यावरील पहिला उपाय होय.

तेव्हा गुलाबप्रेमींनी आठवड्यातून एकदा पान उलटून पाहावे, लक्षण ओळखावे आणि त्यानंतरच औषध हाती घ्यावे.